सोंग आणि सोंगटी

"मी मारतो."
"टाक फासा."
"चौदा."
"लागलं. किती?"
"सहा."
"बरं, पुढचा कोण?"

सांगलीच्या विश्रामबागेतली एखादी गच्ची असो किंवा मिरजेतल्या हॉस्टेलची खोली, डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांनी गोष्ट पुढं नेण्याचा खेळ, खेळणाऱ्या टेबलावर हा संवाद रोज होतो. नियमांत काही चुकलेलं नसतं. तरी यात काहीच घडलेलं नाही. मारणारा जादूगार होता की भुरटा चोर, त्याच्या हातात काय होतं, तो रागावला होता की घाबरला होता, यातलं काही कळत नाही. खेळाडूचं नाव बदला, पात्र बदला, त्याच सहा ओळी तशाच राहतील. लढाई कंटाळवाणी वाटते अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच बघतो: ही चाल टेबलावरच्या दुसऱ्या कुणालाही करता आली असती का? आली असती तर सोंगटी हललेली असते, सोंग हललेलं नसतं.

हे दोन शब्द मराठीत शेजारी बसलेत ते या खेळापुरते तरी फार सोयीचे आहेत. सोंगटी म्हणजे पटावर सरकते ती, सोंग म्हणजे अंगात येतं ते. खेळाडूंमध्ये दोन तट पडलेले दिसतात. एकाला लढाई हवी, नकाशा हवा, चौकोन मोजायचे असतात. दुसऱ्याला पात्र हवं, त्याचा पूर्वेतिहास हवा, सरायवाल्याशी गप्पा मारायच्या असतात. दोघंही एकमेकांना सहन करत खेळतात. माझं ठाम मत असं की हे भांडण उभंच राहायला नको होतं, आणि खेळाचा जन्म बघितला की ते पटतं.

डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा. त्याच्या आधी १९७१ साली चेनमेल नावाचे नियम होते, छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या युद्धाचे. मोठ्या लढाईत तिथं एक पुतळा म्हणजे वीस माणसं. घाव बसला की पुतळा उचलून बाजूला. आर्नसनच्या टेबलावर मात्र एक पुतळा म्हणजे एकच माणूस झाला, आणि लगेच अडचण आली. राक्षस एका घावात मेला तर कुणाला काही वाटत नव्हतं, पण आपला माणूस एका घावात गेला की खेळाडू हळहळत. त्यावर उपाय म्हणून आर्नसननं लोखंडी युद्धनौकांच्या एका खेळातली कल्पना उचलली: जहाज एका गोळ्यात बुडत नाही, ठरावीक मार सोसतं. हिट पॉइंट असे आले. आज ज्याला आपण लढाईतला सर्वांत कोरडा आकडा समजतो तो पात्रावरच्या मायेतून जन्मला आहे.

सांगलीकराला यात नवल वाटायचं कारण नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी इथं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्या नाटकांची पद्धत आठवा. सूत्रधार पद गाऊन प्रसंग सांगायचा आणि पात्रं त्यावर आपापली भाषणं तिथल्या तिथं रचून बोलायची. लिखित संवाद नव्हते. सूत्रधाराच्या जागी डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) बसवा, फारसं काही बदलावं लागत नाही. आणि या नाटकांना लोकांनी नाव काय दिलं? अललडुर्र. राक्षस आरोळी ठोकत, तलवार फिरवत रंगभूमीवर येई, त्या आरोळीवरून. म्हणजे प्रेक्षकाच्या कानात राहिला तो राक्षस, आणि राक्षसाची ओळख त्याच्या लढण्याच्या रीतीतून झाली. लढाई ही पात्राची प्रवेशाची जागा असते. टेबलावर आपण ती जागा फासे मोजण्यात घालवतो.

आता रीत म्हणजे नेमकं काय, ते कुस्तीवरून बघू. या भागातल्या खेळाडूला कुस्ती शिकवावी लागत नाही. पट काढणं, घिस्सा, मोळी, धोबीपछाड हे शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतात. त्यामुळे पहिलं पात्र करताना अनेकजण पैलवानच मागतात. आणि तिसऱ्या सेशनला कुऱ्हाड घेतात, कारण पकडीचे नियम त्यांना कुणी नीट सांगितलेले नसतात.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत पकड हा साधा हल्ला नाही. एक हात मोकळा हवा. दोन कौशल्यं कामी येतात: अंगबळाचं अ‍ॅथलेटिक्स आणि चपळाईचं अ‍ॅक्रोबॅटिक्स. पकडणाऱ्यानं अ‍ॅथलेटिक्सचा फासा टाकायचा, समोरच्यानं अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्सचा, आणि बरोबरी झाली तर पकड बसत नाही. आपल्यापेक्षा एकच आकार मोठा असलेल्यापर्यंत पकडता येतं. माणूस ऑगरला (माणसापेक्षा एक आकार मोठ्या राक्षसाला) धरू शकतो, अजस्र राक्षसाला नाही. पकड बसली की समोरच्याची हालचाल शून्य. बस, एवढंच. मार काहीच नाही. नवा खेळाडू इथंच निराश होतो: पूर्ण पाळी गेली आणि सहा पॉइंटही कमी झाले नाहीत.

पण पुढच्या पाळीला शव्ह, म्हणजे ढकलून पाडणं. त्यालाही तसाच फासा. आता गंमत बघा. पडलेल्याला उठायला निम्मी हालचाल खर्चावी लागते, आणि पकडलेल्याची हालचाल शून्य, म्हणून त्याला उठताच येत नाही. आधी पकड सोडवावी लागते, त्यात त्याची पाळीतली मुख्य कृती, म्हणजे अख्खी अ‍ॅक्शन जाते. तोवर पाच फुटांच्या आतून मारणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅडव्हांटेज, आणि पडलेला जे काही वार करेल ते डिसअ‍ॅडव्हांटेजनं. (अ‍ॅडव्हांटेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा, डिसअ‍ॅडव्हांटेज म्हणजे लहान.) धरला, खाली घेतला, वर बसला. मातीतली कुस्ती जशीच्या तशी.

आकड्यांत मांडतो. पहिल्या लेव्हलचा फायटर (लढवय्या), ताकद १६, अ‍ॅथलेटिक्स शिकलेला: फाशाला अधिक पाच. ऑगरची ताकद १९, अ‍ॅथलेटिक्स नाही: अधिक चार. पकड बसण्याची शक्यता साडेबावन्न टक्के. तोच खेळाडू बार्बेरियन (रानटी लढवय्या) असून रेजमध्ये, म्हणजे संतापात, असेल तर ताकदीच्या फाशाला अ‍ॅडव्हांटेज, शक्यता एकोणसत्तर टक्क्यांवर जाते. ऑगर आडवा झाला की सोबत्यांचा वार लागण्याची शक्यता ७५ वरून जवळजवळ ९४ टक्के होते. ऑगरचा वार १६ आर्मर क्लासच्या (वार लागायला फाशाला गाठावा लागणारा आकडा) माणसाला लागण्याची शक्यता ५५ वरून ३० टक्क्यांवर येते. पैलवानानं स्वतः एक पॉइंटही मार दिलेला नाही, आणि लढाई त्याच्यामुळे फिरली. हे डीएमनं मोठ्यानं बोलून दाखवायचं असतं: "तुझ्या पकडीमुळे वाचला बघ हा." नाहीतर टेबलाला फक्त ज्यानं शेवटचा घाव घातला तो लक्षात राहतो.

एक अडचण राहते, आणि ती या भागाला जास्त खटकावी अशी आहे. २०१४ च्या नियमांत पकड घालायला ताकदच लागते. चपळाई फक्त सुटायला उपयोगी. म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, ज्यांनी १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं, ते या नियमांत बसत नाहीत. लहान चणीचा, चपळ, ढाकेवर समोरच्याला उलथवणारा मल्ल कागदावर उतरवायला गेलं की ताकद १० आणि चपळाई १६ असा होतो, आणि मग त्याला कुणालाच धरता येत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांनी यातलं बरंच सुधारलं. तिथं समोरचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, टाकतो, आणि मंक या वर्गाला पकडीसाठी ताकदीऐवजी चपळाई वापरता येते. जुनेच नियम खेळत असाल तर माझी घरगुती दुरुस्ती अशी: समोरचा त्या फेरीत चाल करून अंगावर आला असेल, तरच पकडीला अ‍ॅक्रोबॅटिक्स चालेल. त्याचाच जोर त्याच्यावर उलटवायचा. अट काढून टाकू नका. काढली की चपळाईवाला पकडतोही, सुटतोही, बाणही मारतो, आणि ताकद वाढवायचं कुणाला कारण उरत नाही.

कुस्तीतून आणखी एक घेण्यासारखं आहे. मातीवरची कुस्ती चीतपटीवर निकाली होते, गॉबलिन या बुटक्या राक्षसांशी लढाई मात्र शेवटच्या पॉइंटपर्यंत रेटली जाते. जुन्या बेसिक नियमांत यावर उत्तर होतं, मोराल. प्रत्येक राक्षसाला २ ते १२ मधला एक आकडा. टोळीतला पहिला मेला की, आणि निम्मे पडले की, दोन साधे फासे टाकायचे. बेरीज आकड्याच्या वर गेली तर टोळी पळते किंवा शरण येते. भित्र्या टोळीला ६ द्या, कडव्यांना १०. एवढ्यानं लढाई एक-दोन फेऱ्यांनी आखूड होते आणि शरण आलेल्या माणसाशी बोलावं लागतं. बोलायला आवडणाऱ्या खेळाडूची पाळी तिथं येते.

आखूड होण्याला महत्त्व का, त्याचा हिशेब साधा आहे. चार खेळाडू, प्रत्येकी दीड मिनिट, डीएमला तीन मिनिटं. एक फेरी नऊ मिनिटांची. त्यातली साडेसात मिनिटं प्रत्येकजण नुसता बसलेला असतो, आणि आपली पाळी आली की पस्तीस-चाळीस टक्के वेळा वार हुकतो. तासाभरात सहा-सात पाळ्या, त्यातल्या दोन-तीन फुकट. मोबाइल हातात आला तर दोष कुणाला द्यायचा? हल्ल्याचा आणि माराचा फासा एकत्र टाका. राक्षसांचा मार सरासरीनं धरा. ज्याची पाळी पुढची आहे त्याला आधीच सांगून ठेवा.

आणि हुकलेल्या वारालाही सोंग द्या. "हुकलं" याऐवजी "ढालीवर घेतला त्यानं, पण मागं सरकला" म्हणायला तीन सेकंद जास्त लागतात.

आता बुद्धिबळाचा पट काढा. सांगलीत तो घरात असतोच. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या बुद्धिबळपटूंच्या गावात तो नसेल तर कुठं असेल? मिनिएचर, म्हणजे छोटे पुतळे, विकत घेण्याची गरज नाही. आठ प्यादी म्हणजे आठ गॉबलिन. एक हत्ती म्हणजे ऑगर. २०१४ च्या आकड्यांप्रमाणे गॉबलिनचे ७ हिट पॉइंट, आठांचे ५६. ऑगरचे ५९. बेरीज जवळजवळ सारखी. नवा डीएम इथंच फसतो. त्याला वाटतं दोन्ही लढाया सारख्याच जड.

ऑगर फेरीला एकदा मारतो. १६ आर्मर क्लासवर ५५ टक्के, सरासरी मार १३. क्रिटिकल (वीस पडला की माराचे फासे दुप्पट) धरून फेरीला साडेसातच्या आसपास. आठ गॉबलिन आठ वेळा मारतात, प्रत्येकाची शक्यता ४५ टक्के आणि मार साडेपाच. सगळे मिळून पहिल्या फेरीत एकवीस. जवळजवळ तिप्पट. बारा-बारा हिट पॉइंटच्या चौघांपैकी दोघं पहिल्या दोन फेऱ्यांत जमिनीवर असू शकतात. उलट ऑगरचा एकच घाव लागला तर एकजण बहुधा पूर्ण आडवा होतो, कारण सरासरी १३ हे १२ पेक्षा जास्त आहे. एकीकडे थेंबे थेंबे मरण, दुसरीकडे एका घावाचं.

खेळाडूंच्या आवडीनिवडी इथं उघड्या पडतात. जादूगाराला प्यादी हवीत: स्लीप या झोपवण्याच्या मंत्राच्या पाच आठपैलू फाशांच्या बेरजेइतक्या हिट पॉइंटचे शत्रू झोपतात, सरासरी साडेबावीस, म्हणजे तीन गॉबलिन एका झटक्यात झोपले. ऑगरवर मात्र तो मंत्र त्याला सदतीस-अडतीस पॉइंट मार बसेपर्यंत बहुधा वाया. पैलवानाला हत्ती हवा. एका गॉबलिनला बगलेत धरून बसला तर उरलेले सात पाठीत सुरे खुपसतात. म्हणून "तुम्हाला कशी लढाई आवडते?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. खेळाडू उत्तर देतो ते त्याच्या पात्राचं असतं. एकाच लढाईत एक हत्ती आणि तीन प्यादी ठेवा, म्हणजे दोघांनाही काम मिळतं.

पट उघडलाच आहे तर नशिबाबद्दल थोडं. बुद्धिबळाची सवय असलेल्याला वीसपैलू फासा छळतो, कारण त्यात १ आणि १० यांची शक्यता सारखीच, पाच टक्के. त्याच्यासाठी एक युक्ती: डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या, आणि काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. वीस पाळ्यांत प्रत्येक आकडा एकदाच येणार. वाईट आकडे संपले की चांगले उरलेत हे त्याला मोजता येतं, आणि मोठा डाव त्या क्षणासाठी राखून ठेवता येतो. ज्याला फाशाचा थरार हवा त्यानं फासा घ्यावा. एकाच टेबलावर दोन्ही चालतं. डबा मात्र प्रत्येकाचा वेगळा.

पात्र कागदावर उतरवताना सगळ्यात जास्त चूक होते ती उणिवेची. पॉइंट बाय पद्धतीत पात्राचे सहा आकडे विकत घ्यायला २७ गुण मिळतात. ८ ला शून्य गुण, १३ ला पाच, १४ ला सात, १५ ला नऊ. शेवटच्या दोन पायऱ्या दुप्पट महाग. नेहमीचा १५, १४, १३, १२, १०, ८ हा संचही बरोबर २७ चाच आहे. पण आकडेमोड आवडणारा खेळाडू तीन पंधरा आणि तीन आठ घेतो, तेही २७ मध्ये बसतं, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा होतो. ताकद, चपळाई, चिवटपणा तीनही पंधरा. बुद्धी, विवेक, प्रभाव तीनही आठ. दोन सेशन छान जातात. मग भुरळ घालणारा शत्रू येतो, विवेकाच्या सेव्हिंग थ्रोला वजा एक, आणि हाच बलदंड गडी आपल्याच सोबत्यांवर उलटतो.

माझ्या मते हा आठ लपवायचा नसतो, वठवायचा असतो. विवेक ८ म्हणजे मूर्ख नव्हे. तो शब्दावर पटकन विश्वास ठेवतो, सापळा दिसत असून पाय टाकतो, बक्षिसाची कुस्ती म्हटलं की विचार न करता लंगोट कसतो. उणीव अशी एका वाक्यात, लढाईत दिसेल अशा रूपात लिहून ठेवा. चार पानी पूर्वेतिहास कुणी वाचत नाही. दोन ओळी पुरतात: याला काय जमतं जे दुसऱ्याला जमत नाही, आणि याला काय कधीच जमणार नाही.

हत्यारालाही तोच नियम. दांडपट्टा सगळ्यांना हवा असतो, कारण तो दिसतो देखणा. नवा डीएम कौतुकानं त्याला तलवारीपेक्षा जास्त मार देतो, आणि महिन्याभरात टेबलावर चार दांडपट्टे होतात. मार तलवारीएवढाच ठेवा, एक आठपैलू फासा. त्याची खरी ओळख हाताशी आहे. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत जाणारं लोखंडी आवरण, आतली आडवी दांडी पकडायची. मनगट वळत नाही, म्हणून पट्टा खांद्यातून आणि कमरेतून फिरतो. पातं लवचीक, त्यामुळे तो मुख्यतः कापायचा. नियमात हे असं उतरतं: हातातून कुणी हिसकावू शकत नाही. पण तो हात दुसऱ्या कशाच्याच कामाचा नाही. दोर धरता येत नाही, औषधाची कुपी उघडता येत नाही, हातवारे लागणारा मंत्र त्या हातानं म्हणता येत नाही. काढायला एक पूर्ण अ‍ॅक्शन. आणि अरुंद बोळात, जिथं दोन्ही बाजूंना भिंत आहे, तिथं डिसअ‍ॅडव्हांटेज. आता हे हत्यार घेणारा एकच जण उरेल, आणि तो ते का घेतोय हे त्याला माहीत असेल.

शाडूच्या मातीचे छोटे पुतळे करायचे असतील तर तलवार मातीची करू नका, वाळली की तुटते. तार किंवा काडीपेटीतली काडी घाला. चेहरा कोरत बसण्यापेक्षा बाह्याकृती वेगळी करा: एकाचा फेटा, एकीच्या पाठीवर भाता, एकाचा वाकलेला खांदा. चार फुटांवरून पटाकडे बघताना चेहरा दिसतच नाही.

कॉम्प्युटरवरचे खेळ हाच प्रश्न वेगवेगळ्या रीतीनं सोडवतात. एल्डन रिंगमध्ये अंगावरचं वजन क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या आत असेल तर पात्र लांब कोलांटी मारतं, ७० च्या आत असेल तर मध्यम, त्यावर गेलं की धप्पकन पडतं. चिलखत घालणं हा तिथं दिसण्याचा प्रश्न राहत नाही. चिलखतानं चाल बदलते. बाल्डर्स गेट ३ पाळीपाळीनं चालतो, वार लागण्याची टक्केवारी आधी दाखवतो, आणि शंभर मोहरांत पात्राचा वर्ग बदलून देतो, त्यामुळे लोक तिथं धाडसी प्रयोग करतात. स्कायरिमचं उदाहरण उलटं आहे. वापराल ते कौशल्य वाढतं, आणि अंधारात लपून बाण मारणं जवळजवळ प्रत्येक जागी चालतं. म्हणून जादूगार व्हायला निघालेलाही शेवटी लपणारा तिरंदाज होतो. जागेनं वेगळं काही मागितलंच नाही की सगळी पात्रं एकसारखी होतात.

जागा काय मागू शकते, त्यासाठी सांगलीला दूर जावं लागत नाही. हरिपूरची हळदीची पेवं घ्या. जमिनीत खोल खणलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं. माल भरून तोंड मातीनं बंद केलं की हवा आत जात नाही आणि हळदीला कीड लागत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर हवा खेळती झाल्याशिवाय कुणी आत उतरत नाही.

लढाई इथं मांडा. पेवाची खोली वीस फूट धरा. तोंडातून एका वेळी एकच माणूस. घसरला तर दर दहा फुटांना एक सहापैलू फासा, सरासरी सात पॉइंट. आठ पॉइंटचा जादूगार त्यातच लोळू शकतो. दांडपट्टेवाल्याला दोर धरता येत नाही, त्याला कुणीतरी सोडावं लागेल. आत हळकुंडांचा थर, पाय ठरत नाही: सावकाश निम्म्या वेगानं चाला, नाहीतर चपळाईचा दहाचा सेव्ह (बचावाच्या फाशाला दहा गाठायचे), हुकला तर आडवे. मशाल पेटत नाही, म्हणून ज्याच्याकडे प्रकाशाचा मंत्र आहे किंवा अंधारात दिसतं तोच डोळा.

श्वासाचा नियम मात्र बदलावा लागतो. पुस्तकाप्रमाणे माणूस एक मिनिट अधिक चिवटपणाची भर एवढा वेळ श्वास रोखतो, आणि मिनिटात सहा सेकंदांच्या दहा फेऱ्या. लढाई चौथ्या-पाचव्या फेरीला संपते, म्हणजे गुदमरण्याला अर्थच उरत नाही. त्याऐवजी दुसऱ्या फेरीपासून प्रत्येकानं चिवटपणाचा सेव्ह टाकावा: आधी १०, मग प्रत्येक फेरीला एकानं जास्त. हुकला की थकव्याची एक पायरी. २०१४ च्या नियमांत पहिल्या पायरीला कौशल्याच्या फाशांना डिसअ‍ॅडव्हांटेज, दुसऱ्या पायरीला हालचाल निम्मी, आणि हल्ल्याच्या फाशाला धक्का तिसऱ्या पायरीला. म्हणजे सर्वांत आधी दम कुणाचा जातो? पैलवानाचा, कारण त्याची पकड हा कौशल्याचा फासा आहे. त्यानं पहिल्या दोन फेऱ्यांत निकाल लावायचा, नाहीतर तोंडाशी उभं राहून दोर ओढायचा. सहाव्या पायरीला मरण आहे, म्हणून चौथ्या पायरीनंतर डीएमनं फासा न मागता स्पष्ट सांगावं, की आता वर निघा.

शत्रू म्हणून तीन दरोडेखोर आणि एक ऑगर पुरे. ऑगर आत कसा आला हे खेळाडू विचारणारच, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे हवं: तो लहान असताना टाकला होता, आता तोंडातून बाहेर येत नाही. हे एक वाक्य सांगितलंत की बोलणाऱ्या खेळाडूचे डोळे चमकतात. कदाचित कुणीच त्याला मारणार नाही. कदाचित पैलवान त्याला धरून ठेवेल आणि बाकीचे तोंड रुंद करतील.

शेवटी पाण्याबद्दल. पेवात पाणी भरतंय, कृष्णा वाढतेय, प्रत्येक फेरीला एक फूट, आयर्विन पुलाची ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी: लढाईला लावायला याहून नेमकं घड्याळ सापडणार नाही, आणि सांगलीच्या टेबलावर ते आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. पण त्याच कारणासाठी ते विचारल्याशिवाय वापरू नका. २००५, २०१९, २०२१. टेबलावरच्या एखाद्याच्या घरात छातीएवढं पाणी आलेलं असतं, जनावरं सोडून द्यावी लागलेली असतात. पहिल्या सेशनच्या आधी, सगळ्यांसमोर नको, एकेकट्याला विचारा: पूर चालेल का? "नको" आलं तर कारण विचारायचं नाही, टेबलावर नावही घ्यायचं नाही.

पाण्याच्या जागी आग घ्या. उसाचा फड, तोडणीच्या तोंडाशी आलेला, खाली वाळलं पाचट. पटाच्या एका कडेला आग लावा. प्रत्येक फेरीच्या शेवटी ती वाऱ्याच्या दिशेनं दोन चौकोन सरकते, आडव्या दिशेला एक. आठपैलू फासा टाका. आठ आला तर वारा फिरला. उसात दहा फुटांपलीकडे काही दिसत नाही, म्हणून तिरंदाजाला जवळ यावं लागेल. धुरात उभा असलेल्याला चिवटपणाचा दहाचा सेव्ह, आणि वाकून चालणाऱ्याला तो माफ, हालचाल मात्र निम्मी. पटाच्या दुसऱ्या कडेला पाटाचं पाणी ठेवा, एक चौकोन रुंद. तिथं पोचलेल्याला आग लागत नाही.

फडातून पळणारी रानडुकरं कुठून निघणार, तेवढं आधी ठरवून ठेवा.